प्रबळ चढाईपटू आणि संघाचा दम

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे गाव हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. हे गाव ज्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात वसले आहे, तेथे बैलगाड्यांची शर्यत हा गावजत्रांचा प्राण समजला जातो. २०१४ च्या बंदीमुळे खंडित झालेली ही परंपरा २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने पुन्हा सुरू झाली. या शर्यतीत गाड्याला बैलांच्या दोन जोड्या जुंपलेल्या असतात. चौघांपैकी एखादा बैल असामान्य वेगाचा असला, तरी घड्याळ त्याचा एकट्याचा वेग मोजीत नाही. गाडा निशाणापाशी केव्हा पोहोचला एवढेच ते सांगते. एकाच्या ओढीशी इतर तिघांची चाल जुळली नाही, तर त्या ओढीचा उपयोग थोडा व उपद्रव अधिक, हे बैल पाळणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही.

असे असूनही, याच गावांतील शाळांच्या मैदानांवर जो खेळ सर्वाधिक खेळला जातो त्या कबड्डीच्या बाबतीत मात्र ही जाण सहसा दिसून येत नाही. तेथे एक दांडगा चढाईपटू हाती लागला की संघ तयार झाला, असे मानण्याकडे कल असतो. निवड त्याच्या गुणांवरून होते, सराव त्याच्याभोवती फिरतो, आणि तो बाद होऊन बाकावर बसला की उरलेले सहा जण काय करावे हे न कळून एकामागून एक बाद होतात. प्रबळ आक्रमकाचे मूल्य नेमके कशात असते आणि संघाने त्याचा विनियोग कसा करावा, या प्रश्नाचा कबड्डीचे नियम, तिची परिभाषा व अलीकडील काही सामने यांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘चढाई’ या शब्दाचा अर्थ

प्रथम संज्ञेचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘चढाई’ हा शब्द मराठीत युद्धाच्या परिभाषेतून आलेला आहे. शत्रूच्या मुलखावर चालून जाणे हा त्याचा रूढ अर्थ होय. अशा स्वारीत मुलूख जिंकून तेथे ठाणे बसविणे अभिप्रेत असू शकते. ‘छापा’ या शब्दाची अर्थच्छटा याहून भिन्न आहे. छाप्यात अकस्मात् प्रवेश असतो, मर्यादित लाभ असतो आणि मुख्य म्हणजे परत येणे असते. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर घातलेला छापा हे याच भूभागातील प्रसिद्ध उदाहरण होय. रात्रीच्या वेळी दोरांच्या शिड्यांनी तट ओलांडून मराठ्यांच्या तुकडीने तीन लक्ष होन व दोनशे घोडे हस्तगत केले. ही लूट जुन्नरातच अडकून पडली असती, तर तट ओलांडण्याचे सारे शौर्य व्यर्थ ठरले असते. छापा यशस्वी होतो तो परतीच्या वाटेवर.

या कसोटीने पाहता, कबड्डीतील ज्या क्रियेस ‘चढाई’ म्हणतात ती अर्थदृष्ट्या ‘छापा’च आहे. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून एकटाच प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो आणि हाताने वा पायाने गडी टिपतो. परंतु त्याने टिपलेले गडी बाद ठरतात ते तो दम न सोडता स्वतःच्या अंगणात परतल्यावरच. परत येण्याची अट नियमातच गोवलेली असल्यामुळे कबड्डीतील आक्रमणाची ताकद केवळ आघाताच्या जोरावर मोजता येत नाही. नावाने मात्र ही क्रिया ‘चढाई’ म्हणून ओळखली जाते, आणि नावातील आक्रमकतेचा ठसा खेळाडूंच्या व प्रेक्षकांच्या कल्पनेवर उमटतो.

‘दम’ या शब्दाचेही असेच आहे. चढाईपटूने ‘कबड्डी’ हा शब्द स्पष्टपणे व अखंडपणे एका श्वासात उच्चारीत राहिले पाहिजे. प्रतिपक्षाच्या अंगणात दम तुटला तर तो बाद होतो. या शब्दातील क, ब आणि द्वित्त ड्ड हे सर्व स्पर्शवर्ण होत. त्यांच्या उच्चारात मुखातून जाणारी हवा क्षणभर अडते, आणि द्वित्त वर्णात ती अधिक काळ अडून राहते. शब्दाचा शेवट दीर्घ स्वराने होत असल्याने आवृत्ती दूरवर ऐकू जाते, व पंचास दम चालू असल्याची खात्री पटते. ‘हुतूतू’ या जुन्या दमातही अशीच स्पर्शवर्ण व स्वर यांची ठेवण आहे. तात्पर्य, आक्रमकाजवळचे पहिले भांडवल श्वास हे आहे, आणि ते मोजके आहे. आज चढाईस ३० सेकंदांची कालमर्यादाही आहे. या दोन मर्यादांच्या आत जाणे, टिपणे व परतणे ही तिन्ही कामे उरकावी लागतात.

२. तीन जुने प्रकार व आक्रमकाची तीन मूल्ये

आक्रमकाचे मूल्य त्याच्या अंगच्या बळावर जितके अवलंबून असते तितकेच ते नियमांवरही अवलंबून असते. कबड्डीच्या इतिहासातील तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवल्यास ही गोष्ट स्पष्ट होते. नियमांचे एकीकरण होण्यापूर्वी देशात ‘अमर’, ‘गामिनी’ आणि ‘संजीवनी’ असे तीन प्रकार खेळले जात.

‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीत नसे. प्रतिपक्षास गुण मिळे व खेळ पुढे चालू राही. अशा खेळात प्रबळ चढाईपटूने बेधडक जाण्यात संघाचे नुकसान फारसे होत नाही, कारण पकडला गेला तरी पुढच्या वेळी तो पुन्हा उपलब्ध असतो. येथे आक्रमकाचे मूल्य म्हणजे त्याने मिळविलेल्या व गमावलेल्या गुणांची वजाबाकी होय.

‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. येथे प्रबळ चढाईपटू एकदा गमावला की डाव संपेपर्यंत गमावला. म्हणून त्यास प्रारंभी जपून ठेवणे आणि प्रतिपक्षाचे बिनीचे पकडपटू दूर झाल्यावर मोकळा सोडणे हेच शहाणपणाचे ठरते.

‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक बाद गडी जिवंत होतो. येथे प्रबळ चढाईपटू गमावला तरी परत मिळू शकतो, मात्र तो परत मिळतो तो सहकाऱ्यांच्या कर्तबगारीने. म्हणजे ‘अमर’मध्ये आक्रमकाचे मूल्य त्याच्या स्वतःच्या हाती असते, ‘गामिनी’मध्ये ते संयोजकाच्या धोरणात असते, आणि ‘संजीवनी’मध्ये ते उरलेल्या सहा जणांच्या हाती असते.

१९२१ च्या सुमारास महाराष्ट्रात संजीवनी व गामिनी यांच्या मेळातून नियमांची एक चौकट तयार करण्यात आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले, व १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन होऊन प्रमाणित नियम तयार झाले. आज सर्वत्र खेळली जाणारी कबड्डी मुख्यतः संजीवनीच्या तत्त्वावर उभी आहे. मात्र तिच्याविषयीची सामान्य समजूत अजून ‘अमर’च्या काळातील आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हे तीन प्रकार केवळ कबड्डीपुरते नाहीत. १९९६ मध्ये जपानात प्रथम प्रसृत झालेल्या ‘पोकेमॉन’ या खेळात प्रत्येक खेळाडू सहा काल्पनिक प्राण्यांचा चमू बाळगतो आणि त्यांची प्रतिपक्षाच्या चमूशी झुंज लावतो. तेथे मूर्च्छित पडलेला प्राणी सामान्यतः त्या झुंजीत परत येत नाही, म्हणजे त्याची घडण ‘गामिनी’ची आहे. त्या खेळातील जाणते लोक आपला सर्वांत जबर आघात करणारा प्राणी आरंभी पुढे करीत नाहीत. त्याचा आघात सोसू शकणारे प्रतिपक्षाचे प्राणी इतरांकरवी आधी थकवितात, आणि त्यास कमीत कमी इजा होऊन मैदानात उतरता येईल असा क्षण साधतात. ‘चॉइस बँड’ नावाची एक वस्तू तेथे प्राण्याचा आघात दीडपट करते. पण ती धारण केली की मैदानात असेपर्यंत पहिली निवडलेली एकच चाल पुन्हा पुन्हा खेळावी लागते. आघात वाढविण्याची किंमत लवचिकपणा गमावून मोजावी लागते, हा नियम एका कल्पित खेळाच्या रचनाकारांनाही सोडता आलेला नाही.

३. अनुपस्थितीचा हिशेब

संजीवनीच्या तत्त्वाचा परिणाम अंकांनी दाखविता येतो. दोन कल्पित चढाईपटू घेऊ. पहिला प्रबळ आहे. दहा चढायांपैकी चार चढायांत तो प्रत्येकी दोन गडी टिपतो, दोन वेळा रिकाम्या हाती परततो आणि चार वेळा पकडला जातो. त्याचे आठ गुण होतात, प्रतिपक्षास चार मिळतात, म्हणजे निव्वळ लाभ चार गुणांचा. दुसरा सावध आहे. दहांपैकी चार चढायांत तो प्रत्येकी एक गडी टिपतो, पाच वेळा रिकामा परततो आणि एकदाच पकडला जातो. त्याचा निव्वळ लाभ तीन गुणांचा. गुणतक्ता पाहणारा पहिल्याच्या नावापुढील आठ आणि दुसऱ्याच्या नावापुढील चार पाहून निर्णय देईल. वजाबाकी करणाराही पहिल्यालाच पसंती देईल.

आता बाद झाल्यावर बाकावर घालविलेल्या वेळेचा विचार करावा. पकडला गेल्यानंतर जिवंत होईपर्यंत चढाईपटूस संघाच्या सरासरी एका चढाईस मुकावे लागते, आणि त्या चढाईत त्याच्या जागी जाणाऱ्याचा निव्वळ लाभ शून्य असतो, असे धरू. पहिल्याच्या दहा चढायांमागे चार चढाया वाया जातात. चौदा संधींत चार गुण, म्हणजे दर संधीस सुमारे ०.२९ गुण. दुसऱ्याची एकच संधी वाया जाते. अकरा संधींत तीन गुण, म्हणजे सुमारे ०.२७. पहिला अजूनही किंचित पुढे आहे. परंतु जिवंत होण्यास दोन चढायांइतका विलंब लागू लागला की चित्र पालटते. पहिल्याचे प्रमाण अठरा संधींत चार, म्हणजे ०.२२ वर येते, आणि दुसऱ्याचे बारा संधींत तीन, म्हणजे ०.२५ वर थांबते. विलंब तीन चढायांचा झाल्यास अंतर आणखी वाढते. पहिला ०.१८, दुसरा ०.२३.

दोन्ही खेळाडूंच्या कौशल्यात या हिशेबात तिळमात्र फरक पडलेला नाही. बदलला आहे तो फक्त विलंब. आणि विलंब चढाईपटूच्या हाती नसतो. तो मुख्यतः कोपरारक्षक व मध्यरक्षक यांच्या पकडींवर, आणि काही अंशी दुय्यम चढाईपटूच्या स्पर्शगुणांवर ठरतो. ज्या संघाचा बचाव भक्कम आहे तेथे प्रबळ चढाईपटू खरोखरच प्रबळ असतो. ज्या संघाचा बचाव ढिला आहे तेथे तोच खेळाडू सावध चढाईपटूहून कमी उपयोगी ठरू शकतो.

या हिशेबावर एक आक्षेप घेता येईल व तो रास्त आहे. प्रबळ चढाईपटू आठ गडी टिपतो तेव्हा त्याचे स्वतःचे बाद सहकारीही त्या स्पर्शगुणांनी जिवंत होतात. ही जमा वरील आकड्यांत धरलेली नाही. मात्र तिचा लाभ संघास मिळण्यासाठी जिवंत झालेले सहकारी मैदानात टिकून पकडी करणारे असले पाहिजेत. अन्यथा तो ज्यांना जिवंत करतो ते लगेच पुन्हा बाद होतात. आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, तर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी आहे एवढेच सिद्ध होते.

येथे नियमांतील दोन तपशील ध्यानात घेणे आवश्यक आहे. बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने जिवंत होतात. म्हणून प्रबळ चढाईपटू संघातील तिसरा बाद गडी असेल, तर त्यास परत आणण्यासाठी तीन गडी टिपावे वा पकडावे लागतात. आधी बाद झालेल्या दोघांचा निष्काळजीपणा त्याच्या वाट्यास येतो. दुसरे असे की बोनस गुणाने कोणीही जिवंत होत नाही. सात वा सहा बचावपटूंसमोर बोनस रेषा ओलांडून मिळविलेला गुण फलकावर दिसतो, पण बाकावर बसलेला गडी तसाच बसून राहतो.

४. विनियोगाची तत्त्वे

यावरून प्रबळ चढाईपटूचा उपयोग कसा करावा याविषयी काही तत्त्वे निघतात.

पहिले तत्त्व वेळेचे. प्रतिपक्षाचे सातही गडी उभे असताना बोनसची संधी असते, परंतु साखळी भक्कम असते व चढाईपटूस वेढा पडण्याचा संभव अधिक असतो. प्रतिपक्षाचे तीन वा त्याहून कमी गडी उरले असता पकड झाल्यास ती ‘अव्वल पकड’ ठरून प्रतिपक्षास एक गुण जास्त मिळतो. या दोन टोकांच्या मध्ये, चार वा पाच गडी उरले असता, साखळी विरळ झालेली असते आणि अव्वल पकडीची भीती नसते. प्रबळ चढाईपटूने मोठा धोका पत्करावयाचा असेल तर तो येथे पत्करावा. सातांवरून पाचांवर प्रतिपक्षास आणण्याचे काम बचावाने व दुय्यम चढाईपटूने करावयाचे असते.

दुसरे तत्त्व दुय्यम चढाईपटूच्या स्थानाविषयी. त्याची रिकामी चढाई पाहून प्रेक्षक निराश होतात. वास्तविक निदानरेषा ओलांडून सुखरूप परतणारी चढाई प्रतिपक्षाच्या मांडणीची माहिती आणते, आघाडी असता वेळ खर्च करते आणि प्रबळ चढाईपटूस श्वास घेण्याची उसंत देते. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसऱ्या चढाईत गुण मिळविलाच पाहिजे, अन्यथा चढाईपटू बाद होतो, असा नियम २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक लीगने लोकप्रिय केला. या तिसऱ्या चढाईस प्रत्येक वेळी प्रबळ चढाईपटूच जाणार हे प्रतिपक्षास ठाऊक झाले, म्हणजे बचावफळी त्याच्याचसाठी सापळा रचून उभी राहते. तिसरी चढाई करू शकणारा दुसरा एक तरी खेळाडू संघात असणे, हे पहिल्याच्या संरक्षणाचे साधन आहे.

तिसरे तत्त्व त्यागाचे. मैदानात एक वा दोनच गडी उरले असता कर्णधारास ते बाद झाल्याचे घोषित करून संपूर्ण संघ पुन्हा मैदानात आणता येतो. त्यासाठी उरलेल्या गड्यांचे गुण आणि लोणाचे दोन गुण प्रतिपक्षास द्यावे लागतात. तीन वा चार गुणांची ही किंमत मोजून प्रबळ चढाईपटू तत्काळ परत मिळत असेल व खेळास पुरेसा वेळ उरला असेल, तर ती मोजणे फायद्याचे ठरू शकते. उलट, शेवटच्या दोन मिनिटांत हाच व्यवहार आत्मघातकी होईल. निर्णय भावनेचा नसून गणिताचा आहे.

चौथे तत्त्व बचावातील त्याच्या जागेचे. प्रतिपक्षाची चढाई चालू असता प्रबळ चढाईपटूही मैदानातच असतो. त्याने प्रत्येक पकडीत झेप घेतली आणि पकड फसली तर तो बाद होतो, व संघ त्याची पुढची चढाई गमावतो. म्हणून त्यास साखळीच्या आतल्या बाजूस ठेवून पहिली झडप कोपरारक्षकाकडे सोपविणे श्रेयस्कर. यात भित्रेपणा नाही. प्रत्येकाने आपापल्या कामापुरता धोका पत्करावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

५. मैदानावरील पुरावा

वरील विवेचनास प्रो कबड्डी लीगच्या इतिहासातून आधार मिळतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातून आलेला सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात यू मुंबा संघाकडून खेळला. बलदंड शरीरयष्टीच्या या चढाईपटूने पहिल्याच हंगामात चढायांचे दोनशेहून अधिक गुण मिळविले आणि संघ बाद फेरीत पोहोचला. त्या संघाचा कर्णधार इराणचा फझल अत्राचली हा त्या काळातील अग्रगण्य डावा कोपरारक्षक होता. २०१९ च्या लिलावात देसाईस १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लागून तो तेलुगू टायटन्स संघात गेला. तेथेही त्याने दोनशेहून अधिक चढाईगुण मिळविले. म्हणजे त्याच्या आघातात उणेपणा आला नव्हता. तथापि तेलुगू टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानी राहिले. आणि देसाईस गमावलेला यू मुंबा संघ, अत्राचलीचा बचाव कायम असल्याने, उपांत्य फेरीपर्यंत गेला.

त्याच हंगामात प्रदीप नरवालने पाटणा पायरेट्सकडून तीनशेहून अधिक चढाईगुण मिळविले, तरी पाटण्याचा संघ आठव्या स्थानी राहिला. दोन वर्षांपूर्वी, २०१७ मध्ये, याच नरवालने ३६९ चढाईगुणांचा उच्चांक केला होता व पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद मिळविले होते. २०१९ मध्ये सर्वाधिक चढाईगुण मिळविणारा पवन सेहरावत ज्या बंगळुरूकडून खेळला, तो संघ साखळी फेरीत सहावा आला.

त्या हंगामाचा अंतिम सामना १९ ऑक्टोबर २०१९ रोजी अहमदाबाद येथे झाला, व तो या दृष्टीने विशेष बोलका आहे. दबंग दिल्लीच्या तरुण नवीन कुमारने त्या एका सामन्यात अठरा गुण मिळविले. बंगाल वॉरियर्सचा कर्णधार व प्रमुख चढाईपटू मनिंदर सिंग दुखापतीमुळे खेळलाच नाही. असे असता बंगालने ३९-३४ असा विजय मिळविला. इराणच्या मोहम्मद नबीबख्शसारखा चढाई व पकड या दोन्ही अंगांनी खेळणारा गडी आणि दुय्यम समजले जाणारे इतर चढाईपटू यांनी आपसात भार वाटून घेतला. ज्याचा मुख्य आक्रमक मैदानात होता व ऐन भरात होता तो संघ हरला, आणि ज्याचा मुख्य आक्रमक बाहेर बसला होता तो जिंकला.

अशा उदाहरणांवरून घाईने नियम बांधणे योग्य नव्हे. दोन हंगामांच्या मध्ये प्रशिक्षक बदलतात, इतर खेळाडू बदलतात, दुखापती होतात. एका अंतिम सामन्याचा निकाल दोन-तीन पकडींवर फिरू शकतो. प्रबळ चढाईपटू निरुपयोगी असतो असा निष्कर्ष तर यातून मुळीच निघत नाही, कारण २०१७ चा नरवाल समोर उभा आहे. एवढेच निश्चितपणे म्हणता येते की आक्रमकाचे गुण आणि संघाचे यश या दोन गोष्टी परस्परांपासून बऱ्याच दूर जाऊ शकतात, आणि त्या दूर गेल्या की कारण शोधण्यासाठी बाकाकडे व बचावफळीकडे पाहावे लागते.

६. क्रियापदाचा कर्ता

शेवटी पुन्हा भाषेकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कबड्डीच्या वर्णनांत चढाईपटू बहुधा सकर्मक वाक्याचा कर्ता असतो. त्याने गडी टिपला, त्याने गुण मिळविले, त्याने लोण दिला. परंतु तो बाकावरून मैदानात परततो तेव्हा वाक्य अकर्मक होते. ‘तो जिवंत झाला’ एवढेच सांगितले जाते. ही घटना आपोआप घडली असावी असा भास त्या रचनेने होतो. वस्तुतः कोणीतरी त्याला जिवंत केलेले असते. डाव्या कोपऱ्यातील एखाद्याने प्रतिपक्षाच्या चढाईपटूचा घोटा धरून ठेवला, दोघांनी साखळी करून त्यास मध्यरेषेपासून रोखले, तेव्हा हा परतला. ‘जिवंत झाला’ याऐवजी ‘जिवंत केला’ असे म्हटले की लगेच ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि लपलेला कर्ता पुढे यावा लागतो. ‘संजीवनी’ या जुन्या नावात हा कर्ता सूचित होता. नाव मागे पडले, तत्त्व तेवढे नियमांत उरले.

गुणपत्रकाची भाषाही अशीच एकांगी आहे. त्यात चढाईगुण व पकडगुण यांचे रकाने असतात, पण कोणाच्या पकडीने कोण परतला याचा रकाना नसतो. शालेय व तालुका पातळीवरील निवड बहुतेक या पत्रकांवरूनच होते. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांचा जो मुलगा सामन्यात तीनच गुण मिळवितो, परंतु त्या तीन पकडींनी संघाच्या मुख्य चढाईपटूस तीन वेळा मैदानात परत आणतो, तो निवडीच्या वेळी मागे पडतो. पुढच्या वर्षी तो कोपऱ्यात उभे राहणे सोडून चढाईचा हट्ट धरतो, आणि संघात चढाई करणारे सात व पकड करणारा एकही नाही अशी अवस्था होते. हानी एका मुलाची होते तशीच ती त्या प्रबळ चढाईपटूचीही होते, कारण त्याला परत आणणारे कोणी उरत नाही.

यावर उपाय साधा आहे. सामन्याची नोंद ठेवणाऱ्याने आणखी एक रकाना आखावा. प्रत्येक पकडीपुढे व स्पर्शगुणापुढे त्यायोगे कोणता गडी परतला त्याचा क्रमांक लिहावा. क्रम नियमाने ठरलेला असल्याने यास वेगळे कौशल्य लागत नाही, एक पेन्सिल पुरते. दहा सामन्यांच्या अशा नोंदी हाती आल्या तर प्रबळ चढाईपटूचे खरे मूल्य, आणि ते कोणाच्या बळावर उभे आहे, हे दोन्ही प्रशिक्षकास कागदावर दिसेल. घाटात चार बैलांची चाल एकत्र पाहण्याची ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, त्यांना मैदानावर सात गड्यांची चाल तशीच पाहणे अवघड जाऊ नये.